पुण्यातले बगदादी ज्यू आणि बेने इस्रायली: देव एक, ताळेबंद दोन

पेठकरी (धागालेखक) | शनिवार, रात्री ९:४०

परवा शेजारच्या एका धाग्यावर कोणीतरी "ज्यू म्हणजे पैसा, आपलं ससून बघा की" असं ठोकून दिलं आणि खाली +१ ची रांग लागली. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, मूळ धागा कँपातल्या पार्किंगचा होता. म्हणून इथे वेगळं मांडतोय.

पुण्यात ज्यूंचे समाज दोन. धर्म तोच, ग्रंथ तोच, शनिवारी काम बंद ही रीतही तीच. बाकी जवळपास सगळं निराळं. बगदादी म्हणजे ससून घराणं आणि त्यांच्या मागोमाग इराक, सीरियाकडून आलेली मंडळी. बेने इस्रायली म्हणजे आपल्या कोकणातले, अलिबाग-पेण-रोह्याचे शनवार तेली. एकांनी कँपात लाल देऊळ बांधलं, दुसऱ्यांनी रास्ता पेठेत सुक्कत श्लोमो. दोन्ही सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं. एका देवळातून निघून दुसऱ्या देवळात चालत जाता येतं. पण दोन्ही समाजांचे हिशेब शंभर-दीडशे वर्षं वेगळे राहिले, ते का, हा माझा विषय.

आधी बगदादी. डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ चा, वडील बगदादच्या पाशांचे खजिनदार. दाऊद पाशाच्या राजवटीत जिवावर बेतलं तेव्हा हे बुशहरला निसटले आणि तिथून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. म्हणजे निर्वासितच. पण हात हलवत आलेले निर्वासित नव्हते. घराण्याची पत होती, अरबी-फारसी येत होती, आखातातले व्यापारी ओळखीचे होते आणि मुलगे भरपूर होते. एक हाँगकाँगला, एक शांघायला, एक लंडनला असे ते पेढीवर बसवले. माल काय, तर सूत, कापड आणि अफू. यातला तिसरा जिन्नस पुण्यातल्या कोणत्याही पाटीवर दिसत नाही, पण चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारावरच ही पेढी फुगली. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला, इथल्या कापसाला भाव आला आणि मुंबईत पैसा ओसंडून वाहायला लागला. लाल देवळाचं काम निघालं १८६३ ला. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. देऊळ पुरं झालं १८६७ ला आणि ससून हॉस्पिटलही त्याच सालचं. डेव्हिडशेठ १८६४ मध्ये पुण्यातच वारले, त्यांची कबर लाल देवळाच्या आवारात आहे.

आता बेने इस्रायली. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले, ही त्यांची मूळकथा. कधी फुटलं यावर विद्वानांचं एकमत नाही, त्यात मी पडत नाही. पिढ्यान् पिढ्या घाणा चालवला, शनिवारी बैल सोडून ठेवला, म्हणून शनवार तेली. भाषा मराठी, आडनावं गावावरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, झिराडकर. अठराव्या शतकात मुंबई वाढायला लागल्यावर ते ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत शिरले आणि चांगले चमकले, सुभेदारीपर्यंत पोचले. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, १७९६ चं, ते सॅम्युअल इझिकेल दिवेकर या लष्करी माणसाने बांधलेलं. म्हणजे डेव्हिड ससून तेव्हा बगदादेत चार वर्षांचा होता. पुढे लष्करात जातवार कंपन्या (तुकड्या) व्हायला लागल्या. यांची संख्या इतकी थोडी की स्वतंत्र कंपनी उभी राहणं शक्यच नाही, त्यामुळे तो रस्ता अरुंद झाला. मग रेल्वे, पोस्ट, कस्टम, इस्पितळं, शाळा. एका वाक्यात सांगायचं तर पगारदार समाज.

म्हणजे बगदादी पेढीवर उभे राहिले आणि बेने इस्रायली नोकरीवर. पुण्याशी त्यांचं नातंही त्यावरूनच ठरलं. शेठ मंडळींना पुणे म्हणजे पावसाळ्यातलं गाव. गव्हर्नर इकडे यायचा, शर्यती असायच्या, नदीकाठी बंगला असायचा. बेने इस्रायलींना पुणे म्हणजे बदलीचं नाहीतर पेन्शनीचं गाव.

माझं मत सांगून टाकतो, मग सोलायला बसा. माझ्या मते बगदादी समाज श्रीमंत नव्हता, बगदादी घराणी श्रीमंत होती. एका पेढीच्या दानावर समाज उभा राहिला आणि पेढी हलली तसा समाजही हलला. बेने इस्रायलींकडे पैसा कमी होता, पण वर्गणीची सवय होती. म्हणून ते टिकले.

---

नळस्टॉपचा_नळ | शनिवार, रात्री १०:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). ससूनचा आणि ज्यूंचा संबंध आहे हेच आमच्या घरातल्या तरुण पिढीला माहीत नाही. पुण्यात "ससूनला नेलंय" म्हटलं की पुढचा प्रश्न "वॉर्ड कुठला".

---

विदाप्रेमी | शनिवार, रात्री १०:३१

लेख वाचनीय आहे, पण विदा कुठे आहे? जनगणनेत सगळे ज्यू एकाच खान्यात मोजले जातात. बगदादी किती, बेने इस्रायली किती, कोणाचं उत्पन्न किती, याची पुण्यापुरती आकडेवारी तुम्ही दिलेली नाही. मग "श्रीमंत समाज नाही, श्रीमंत घराणी" हे वाक्य कशाच्या जोरावर?

---

पेठकरी | शनिवार, रात्री ११:१५

रास्त प्रश्न. उत्पन्नाचा तक्ता नाही, म्हणून धंदे आणि संस्था बघायच्या.

भायखळा घ्या. मागेन डेव्हिड सिनेगॉग १८६१ चं, ससूनचंच. त्याच्या आवारात बगदादी मुलांसाठी मोफत शाळा, सर जेकब ससून यांच्या नावाची. आता मला सांगा, समाज जर सगळा शेठजींचा असेल तर मोफत शाळा कोणासाठी लागते? बगदाद-बसऱ्याहून हातावर पोट असलेली कुटुंबं येत होती. त्यांना ससूनच्या गिरण्यांत, गोदामांत, कचेऱ्यांत काम मिळायचं. लग्न ससूनच्या देवळात, पोरं ससूनच्या शाळेत, दुखणं-खुपणं ससूनच्या निधीतून, मेल्यावर दफनभूमीची सोयही तिथलीच. पाळण्यापासून कबरीपर्यंत एकच मालक. कोलकात्याच्या बगदाद्यांतही मूठभर गब्बर आणि खाली धर्मादायावर जगणारे पुष्कळ, असंच चित्र होतं.

आता उलटी बाजू. घराण्यातले कर्ते हळूहळू लंडनला गेले, आल्बर्ट ससूनला १८९० मध्ये तिकडची बॅरोनेटची पदवी मिळाली. व्हिक्टर ससूनने १९३१ मध्ये मुंबईतून लक्ष काढून शांघायवर भर द्यायचं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिरण्या विकल्या गेल्या. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत मुंबई-पुण्यातले बगदादी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, इस्रायल असे पांगले. मालक गेल्यावर कामगार वसाहत रिकामी होते, तसंच झालं हे.

---

अलिबागचा_बाळू | रविवार, सकाळी ८:५०

आमच्याकडची गोष्ट, म्हणून लिहितो. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे, स्मारक आहे. अलिबागेत इस्रायल आळी आहे, देऊळ आहे. खंडाळ्याला (आपलं घाटातलं नाही, अलिबागजवळचं) एक खडक आहे, त्यावर एलियाहू नबीच्या रथाची खूण उमटली असं ते मानतात. इस्रायलहून माणसं येतात, त्या खडकाजवळ मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वरून फळं. माझ्या आजीच्या मते त्यात आणि सत्यनारायणाच्या प्रसादात उगाच भांडण लावू नये, दोन्ही घ्यावेत.

एक दुरुस्ती सुचवतो. "शनवार तेली" हे ऐकायला गोड वाटतं, पण गावगाड्यात तेल्याची जागा कुठे होती ते सगळ्यांना माहीत आहे. नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेल्यावर हे नाव कोणी आपणहून सांगत नसे. शहरात गेल्याने पगार मिळालाच, पण गावातली पायरीही मागे राहिली. आर्थिक तुलनेत हा मुद्दा यायला हवा. बगदाद्यांना ही पायरी कधी नव्हतीच, ते थेट गव्हर्नरच्या पंगतीला.

---

खडूस_पुणेरी | रविवार, सकाळी ९:३०

धागा छान. पण "एकांनी छळलं, दुसरे बिचारे" असा सूर पुढे लागणार हे दिसतंय, म्हणून आधीच विचारतो. बेने इस्रायलींमध्ये स्वतःत गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल असा भेद होता की नाही? बाहेरच्या बाईपासून झालेली संतती ती काळी, तिच्याशी बेटी व्यवहार नाही. हे कोण कोणाला शिकवत होतं?

---

बिरड्याची_आमटी | रविवार, दुपारी १२:२०

मी बेने इस्रायली, माहेर पुणे, सासर ठाणे. इथे नेहमी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज इकडे यावं लागलं.

खडूसकाका, होता. गोरा-काळा होता, माझ्या पणजीच्या पिढीत चांगलाच होता. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नसे, हे मात्र लिहून ठेवते. आज कोणी काढत नाही, काढायला माणसंच कुठे उरली आहेत? लग्नाला मुलगा मिळतोय का याची चिंता आधी.

पेठकरी, तुम्ही वर्गणीचं लिहिलंत ते बरोबर आहे, पण त्यामागे जुनी घडी आहे. आमच्यात गावोगाव मुकादम असायचा, चौगुला असायचा, गबाई म्हणजे खजिनदार, प्रार्थना चालवणारा हजान, देवळाची देखभाल करणारा शम्माश. यातले पहिले दोन शब्द कुठून आले ते तुम्हाला सांगायला नको. भांडणं मुकादमापुढे सुटायची, दंड व्हायचा, तो निधीत जायचा. हीच घडी लोकांनी शहरात आणली. सुक्कत श्लोमो १९२१ चं आहे, त्यामागे नोकरदारांच्या पगारातले रुपये आहेत, अफूचे नाहीत.

आजोबा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, आजी शाळेत शिक्षिका. घरात दोन पगार असणं ही आमच्यात नवलाची गोष्ट नव्हती. बायकांनी नोकरी करण्यात आम्ही पुण्याच्या पुष्कळ पांढरपेशा घरांच्या पुढे होतो, हे जरा ठासूनच सांगते. नर्स, शिक्षिका, डॉक्टर. डॉ. जेरुशा झिराड (१८९० ते १९८३) घ्या. पुण्यात मुलींच्या हायस्कुलात शिकल्या, सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला गेल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ ला पद्मश्री. शेठजींच्या घरात पैसा होता, पण असा पगार घरी आणणाऱ्या बायका आमच्याकडे जास्त होत्या.

आणि स्वयंपाकघरातून एक. आमच्याकडे नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक गाळून घ्यायचा, मग नारळाचं दूध आणि साखर घालून मोठ्या पातेल्यात ढवळत बसायचं. हात बदलायला चार माणसं लागतात, मध्येच थांबलं की गुठळी. गुलाबी रंग, वर बदामाचे काप, ताटात थापून वड्या. गाईचं दूध एक थेंब नाही, कारण जेवणात मटण असतं आणि मांसाबरोबर दूध चालत नाही. कोकणात नारळाला तोटा नाही, त्यामुळे धर्मही सांभाळला आणि खर्चही. बगदादी घरात शुक्रवारी रात्री हमीन मंद आचेवर ठेवायचे, आख्ख्या कोंबडीत भात भरून. त्या घरात तेव्हा आचारी असायचा. आमच्याकडे आत्या असायची.

---

नळस्टॉपचा_नळ | रविवार, दुपारी १२:४४

हलव्याची पाकृ स्वतंत्र धाग्यात द्या प्लीज. फोटोसकट.

---

विदाप्रेमी | रविवार, दुपारी २:१०

ताई, माहितीबद्दल आभार. पण एक शंका. वर्गणीमुळे समाज टिकला म्हणता, तर टिकला कुठे? स्वातंत्र्याच्या वेळी बेने इस्रायली वीस हजारांच्या आसपास होते असं वाचलं आहे. आज सगळे ज्यू धरूनही देशात काही हजारच आहेत. बगदादी लंडनला गेले, बेने इस्रायली इस्रायलमधल्या अश्दोदला. दोघेही गेलेच. मग फरक काय?

---

पेठकरी | रविवार, सायंकाळी ६:००

फरक कसे गेले आणि जाऊन काय झालं यात आहे.

बगदादी गेले ते पैशाच्या आणि इंग्रजीच्या वाटेने. त्यांनी अरबी सोडून इंग्रजी केव्हाच धरली होती. सरकारदरबारी आपल्याला युरोपियनांत गणावं ही त्यांची जुनी खटपट. आता ज्याला युरोपियन व्हायचंय, त्याला शेजारचा सावळा, मराठी बोलणारा, धोतर-साडीतला धर्मबंधू अडचणीचा वाटणार हे उघड आहे. माझ्या मते बगदादी-बेने इस्रायली भांडणाचं मूळ धर्मशास्त्रात कमी आणि इथे जास्त आहे. १८३६ साली मुंबईच्या दफनभूमीत दोन्ही समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालू द्यावी असा अर्ज बगदाद्यांनी सरकारकडे केला होता. म्हणजे मेल्यानंतरही शेजार नको. रंगूनमध्ये तर प्रकरण कोर्टात गेलं. तिथल्या सिनेगॉगात बेने इस्रायलींना ग्रंथवाचनाला बोलवायचं नाही, मतदान नाही, विश्वस्तपद नाही. १९३५ मध्ये रंगूनच्या हायकोर्टाने बेने इस्रायलींच्या बाजूने निकाल दिला. इंग्रज न्यायाधीशाने ठरवायचं की कोण ज्यू!

बेने इस्रायली गेले ते पोटासाठी आणि श्रद्धेसाठी, मिळेल त्या विमानाने. तिकडे बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा नव्या वसवलेल्या गावांत पाठवलं गेलं, कामं अंगमेहनतीची. १९५१-५२ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी भेदभावाविरुद्ध ठिय्या दिला, काही कुटुंबं परतही आली. नंतर तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी यांचं कूळ तपासायचा फतवा काढला. त्यावर मोठं आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असं सांगावं लागलं. रंगूनचीच लढाई, फक्त मोठ्या मैदानावर. पण विदाप्रेमी, एक बघा. त्या आंदोलनासाठी संघटना लागते, पैसे गोळा करावे लागतात, पुढारी लागतात. ते त्यांच्याकडे होते, कारण इथे शंभर वर्षं मुकादम आणि गबाई हेच करत होते. आजही तिकडे मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघतं, महाराष्ट्र दिन होतो. तिकडे गेलेले बगदादी इराकहून आलेल्या मोठ्या लोंढ्यात मिसळून गेले.

---

मुळाकाठी | रविवार, रात्री ८:१५

पारशांना का सोडलं? पुण्यात तुलना करायची तर ससूनशी पारशांची करा. जमशेटजी जिजिभाईंचा बंधारा, ज्यावरून बंड गार्डन हे नाव आलं. त्यांचाही चीनशी अफूचा व्यापार होता. दानशूरपणा तोच, पैसा तोच. पण पारशी आजही आहेत. लस बनवणारा कारखानाही त्यांचा आणि कँपातली बेकरीही, तीही इराण्यांची का होईना.

---

पेठकरी | रविवार, रात्री ८:४०

चांगला मुद्दा, आणि माझ्या म्हणण्याला धरूनच आहे. पारशांकडे एकटे जिजिभाईच नव्हते. वाडिया, पेटिट, टाटा, कामा अशी डझनभर घराणी होती आणि मुंबईत पंचायत होती, जिच्याकडे घरं होती. एक पेढी बुडाली तरी दुसरी उभी. संख्या मात्र त्यांचीही घटतेच आहे, २००१ ला ६९,६०१ आणि २०११ ला ५७,२६४. पैसा असल्याने घसरण थांबत नाही, फक्त ती ऐसपैस घरात बसून बघता येते.

---

सदू_स्टेशनमास्तर | सोमवार, सकाळी ७:२०

रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, आमच्या आधीच्या पिढीत गार्ड, तिकीट तपासनीस, हिशेबनीस यांत बेने इस्रायली नावं असायचीच. मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. ख्रिस्ती समजून कोणी "मेरी ख्रिसमस" म्हटलं की शांतपणे "तुम्हालाही" म्हणायचे.

लष्कराचं बघा. दोन्ही समाजांनी एकेक मोठा माणूस दिला. १९७१ ला ढाक्यात शरणागतीची जुळणी करणारे जनरल जेएफआर जेकब, ते कोलकात्याचे बगदादी. आणि व्हाइस ॲडमिरल बेंजामिन सॅमसन, बेने इस्रायली, आपल्या खडकवासल्याच्या एनडीएचे कमांडंट होते. नर्तिका लीला सॅमसन त्यांची कन्या. सैन्यात शिरल्यावर बगदादी आणि बेने इस्रायली हा फरक कोणी विचारला नसेल, दोघांना "ज्यू म्हणजे काय हो" असंच विचारलं असणार.

---

खडूस_पुणेरी | सोमवार, सकाळी १०:००

टिळकांचं कोणीच काढलं नाही? पुण्यात बसून लिहिताय ना? १९१६ चा राजद्रोहाचा खटला, टिळकांच्या बाजूने जीना, बाप्टिस्टा आणि एरुळकर. हे डेव्हिड एरुळकर बेने इस्रायली. त्याच काळात बगदादी शेठ लंडनच्या बॉलरूममध्ये. आर्थिक-सामाजिक तुलना म्हणता तर राजकारण सोडू नका. सरकारी नोकरीवर जगणारा समाज असूनही त्यांच्यातला एक वकील टिळकांच्या बाजूने उभा राहतो, याची किंमत मोठी आहे. (हो, मी कोणाचं तरी कौतुक केलं. स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

---

बिरड्याची_आमटी | सोमवार, दुपारी ३:३०

स्क्रीनशॉट काढला, काका.

एक पुणेरी गोष्ट मीही सांगते. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हागादा ही पोथी आमच्या लोकांनी १८७४ मध्ये पुण्यात छापली, हिब्रू आणि शेजारी मराठी. त्यातलं एक चित्र प्रसिद्ध आहे. सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका, सगळ्या साड्या नेसलेल्या. बाकीची चित्रं युरोपातल्या जुन्या प्रतीवरून घेतलेली, पण भाकरीपाशी आल्यावर चित्रकाराने घरातल्याच बायका बसवल्या. लाल देऊळ होऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. पुण्यात शिक्षण, छापखाना आणि चार वाचणारी माणसं मिळाली की तेल्याच्या पोरांनी काय केलं त्याचा हा पुरावा.

आता कडू भाग. आजची आर्थिक स्थिती विचाराल तर उरलेली घरं मध्यमवर्गीय. आयटी, बँक, शाळा, थोडे डॉक्टर. म्हातारी माणसं जास्त, मुलं इस्रायलला किंवा जायच्या तयारीत. प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात, नाहीतर पूर्ण प्रार्थना होत नाही. पुष्कळदा फोनाफोनी करून दहा जमवावे लागतात. लाल देवळात आता येणारे बहुतेक आमचेच लोक. बगदादी घरं हाताच्या बोटांवर. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे निदान अर्जावर "इतर" लिहायचं थांबलं. माझ्या भाच्याने कॉलेजात तो कागद दिला तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी आधी आडनाव वाचलं, मग धर्म, मग परत आडनाव. शेवटी म्हणाल्या, "पण तुम्ही तर आपल्यातलेच दिसता."

---

विदाप्रेमी | सोमवार, रात्री ९:०५

पेठकरी, बरंचसं पटलं, पण एक गोष्ट नाही. तुमचा सूर असा की पैशातली दरी होती म्हणून सामाजिक दरी होती. कोचीनचं उदाहरण याच्या आड येतं. तिथे परदेशी ज्यू आणि मलबारी ज्यू असे दोन गट. मलबारींत दुकानदार होते, चांगले व्यापारी होते, आणि ते तिथे परदेश्यांच्या आधीपासून होते. तरी परदेशी त्यांना बरोबरीचं मानत नव्हते, आणि स्वतःच्या सिनेगॉगातही सगळ्यांना बरोबरीने बसू देत नव्हते. अब्राहम बराक सालेम नावाच्या वकिलाने त्यासाठी सत्याग्रह केला, लोक त्यांना ज्यूंचे गांधी म्हणायचे. म्हणजे खिसा भरला म्हणून बाकावर जागा मिळत नाही.

---

पेठकरी | सोमवार, रात्री १०:३०

मान्य, कोचीनमध्ये कुळाचा अभिमान पैशाच्या पुढे होता. पण सालेम यांनी लढा दिला तो वकील होऊन, म्हणजे शिक्षणाच्या जोरावर. इकडेही हत्यार तेच. मुंबईत हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८७५ मध्ये बेने इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. ती पुढे मोठी झाली ती सर एली कदूरी यांच्या देणगीने, आणि शाळेला नावही कदूरींचंच लागलं. आता कदूरी कोण? बगदादी! ससूनच्या पेढीत उमेदवारी करून हाँगकाँग-शांघायला गबर झालेले. म्हणजे भिंत मागणारेही बगदादी आणि शाळेला पैसे देणारेही बगदादी. समाज म्हणून एकच शिक्का मारता येत नाही, हे तुम्ही म्हणताय ते यासाठी मान्य.

पण शाळेची कल्पना, मास्तर, पोरं आणि सुरुवातीची वर्गणी किहीमकरांची. मोठी देणगी नंतर आली. लाल देवळाचा क्रम उलटा होता, आधी देणगी आणि मग माणसं. माझा सगळा वाद त्या क्रमाचा आहे.

---

मुळाकाठी | मंगळवार, सकाळी ८:००

लाल देऊळ आतून बघता येतं का? गेटवर पोलीस असतात.

---

बिरड्याची_आमटी | मंगळवार, सकाळी ९:१०

येतं, पण आधी विचारून, ओळखपत्र घेऊन. शनिवारी आणि सणाला जाऊ नका. रास्ता पेठेतलं लहान आहे, गल्लीत आहे, तेही आधी विचारूनच. आणि नळभाऊ, हलव्याचा धागा काढलाय, चीक विकतचा वापरलात तर मला सांगू नका.